मुलीचे दुधाचे दात 'बँकेत' ठेवायचे का? सल्ला हवा

तापीकाठ | सोमवार, रात्री ९.४०
मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. मी एस.टी.त आहे, चोपडा तालुक्यात राहतो. मुलगी सहा वर्षांची. खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत, दिवसभर जिभेनं ढकलत बसते.

मागच्या आठवड्यात तिच्या शाळेत दातांचं शिबिर झालं आणि प्रत्येक पोराच्या दप्तरात एक रंगीत पत्रक आलं. दुधाच्या दातात स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी असतात. त्या काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या, पुढेमागे पोराला मोठं दुखणं आलं तर त्याच्याच पेशी त्याच्या कामी येतील, असं त्यात लिहिलंय. खाली आजारांची यादी आहे: मधुमेह, लकवा, पार्किन्सन, मणक्याची इजा, रक्ताचा कॅन्सर. एकरकमी बासष्ट हजार किंवा हप्ते. दुसऱ्या दिवशी फोनही आला: "सर, दात एकदा पडला की संधी गेली."

माझा थोरला भाऊ १९९८ साली ब्लड कॅन्सरने गेला. तो अकरावीत होता, मी सातवीत. मुंबईच्या खेपा करून करून वडिलांनी अडीच एकर विकलं. यादीतला तो शेवटचा शब्द वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बासष्ट हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही, पण पीएफमधून काढता येतील. कुणी केलंय का हे? दात कधीही पडेल, म्हणून घाई आहे.

भरीत_बामणोद | सोमवार, रात्री ९.५२
आमच्याकडे एकच बँक होती भाऊ, धाब्यावरची, म्हणजे मातीच्या छपरावरची. दात शेणाच्या गोळ्यात घालून वर फेकायचा आणि ओरडायचं, "उंदीरमामा, मना दात तू ले, तुना माले दे!" माझे सगळेच्या सगळे दात उंदीरमामाकडे जमा आहेत.

बाकी प्रश्न गंभीर आहे. जाणकार येतीलच.

कळण्याची_भाकर | सोमवार, रात्री १०.०५
आमच्याकडे तुळशीत पुरायचे. पण भाऊ, शाळेनं असलं पत्रक दप्तरात घालू दिलंच कसं? आधी मुख्याध्यापकांना विचारा. शिबिर तपासणीचं होतं का गिऱ्हाईक शोधायचं?

हिंजवडी_ते_पारोळा | सोमवार, रात्री १०.३१
मी केलंय. मूळ पारोळ्याचा, नोकरी पुण्यात. मुलाचे दोन दात दोन वर्षांपूर्वी ठेवले.

माझा विचार असा. विज्ञान कुठे जाईल ते आज कुणालाच सांगता येत नाही. २००० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी अक्कलदाढेच्या गरात मूळपेशी दाखवल्या, २००३ साली दुधाच्या दातात. म्हणजे विषयाला जेमतेम वीस-पंचवीस वर्षं झाली. २०१८ मध्ये चीनमध्ये, ज्या मुलांचे पुढचे कायमचे दात मार लागून मेले होते त्यांच्याच दुधाच्या दातातल्या पेशी त्या दातांत भरल्या. आत नवा गर तयार झाला, रक्तपुरवठा आला, दाताला संवेदनाही आली. ही कागदावरची गोष्ट नाही, माणसांवर झालेली आहे. मग माझ्या मुलाचं चाळिशीत काहीतरी या पेशींनी बरं झालं तर? तेव्हा दात परत आणता येणार नाही. एका चांगल्या फोनच्या पैशात होतंय, म्हणून केलं, आणि मला पश्चात्ताप नाही.

तापीकाठ | सोमवार, रात्री १०.४०
धन्यवाद दादा. तुम्ही सांगताय ते वाचून परत वाटायला लागलं की करूनच टाकावं.

दंतवैद्य_पांझरा | सोमवार, रात्री ११.२०
थांबा भाऊ. मी धुळ्यात दातांची प्रॅक्टिस करते, लहान मुलांचे दात हेच माझं रोजचं काम आहे. माझ्याकडेही अशी पत्रकं येतात आणि दर दातामागे डॉक्टरला काय मिळेल तेही सांगितलं जातं. मी ती ठेवत नाही. का, ते नीट सांगते.

आधी तुमच्या भावाच्या आजाराबद्दल, कारण तुमची झोप त्यानंच उडवली आहे. मूळपेशी एकाच जातीच्या नसतात. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी हाडांच्या मगजात आणि नाळेच्या रक्तात असतात. ब्लड कॅन्सरमध्ये जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात ते या पेशींचं. दाताच्या गरातल्या पेशी वेगळ्या कुळातल्या. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाडासारखं, कूर्चेसारखं, चरबीसारखं आणि दाताच्या आतल्या थरासारखं ऊतक तयार करता येतं, चेतापेशींची (नर्व्ह सेल) लक्षणंही दिसतात. पण त्या रक्त तयार करत नाहीत. ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सर, किंवा थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे अनुवांशिक आजार, यांत दाताच्या पेशी देऊन रुग्ण बरा करणं हा उपचार आज जगात कुठेच नाही. पत्रकातला तो शब्द तिथे असायलाच नको होता.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे याला परवानगीच नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्यानुसार फक्त नाळेच्या रक्ताची साठवण परवाना घेऊन करता येते. नाळेचं ऊतक, वार (प्लॅसेंटा), दाताचा गर यांच्या व्यावसायिक साठवणुकीला मान्यता नाही. फोनवाल्याला एवढंच विचारा, "दातासाठीचा परवाना दाखवा." नाळेच्या रक्ताचा दाखवतील, तो चालणार नाही.

पारोळेकर दादा, चीनचा तो अभ्यास खरा आहे आणि मला स्वतःला त्याचं फार अप्रूप आहे. जपानमध्येही २०१७ साली पाच रुग्णांवर असंच काम झालं होतं, मोठ्या माणसांच्या दातांवर. पण त्यात काय केलं ते बघा. रुग्ण समोर, दात त्याच सुमारास काढलेला, पेशी वाढवल्या आणि दातातच वापरल्या. दातासाठी दात. वीस-तीस वर्षं गोठवून ठेवलेल्या दुधाच्या दातातून पार्किन्सन बरा करणं याच्याशी त्याचा संबंध नाही.

केळीबाग_यावल | मंगळवार, सकाळी ६.१५
मॅडम, एक शंका. आम्ही टिश्यूची केळी लावतो. कंदाच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा घेतात, बाटलीत वाढवतात आणि त्यातून हजारो रोपं करतात, सगळी एकसारखी. पहिल्यांदा प्रयोगशाळेत ते बघितलं तेव्हा मी अर्धा तास बाटल्यांसमोरून हललो नव्हतो. मग दाताच्या गरातून पाहिजे ते का वाढणार नाही? केळीला जमतं ते माणसाला का जमू नये?

दंतवैद्य_पांझरा | मंगळवार, सकाळी ८.५०
दादा, फार नेमका प्रश्न. केळीच्या कोंबातल्या पेशीला अजून सगळं झाड होता येतं, मूळ, खोड, पान, घड, सगळं. वनस्पतींकडे ही ताकद आयुष्यभर राहते. माणसात ती गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत असते, मग एकेक पेशी आपापल्या वाटेला लागते. दातातली मूळपेशी अर्ध्याहून जास्त वाट चालून गेलेली आहे. तिच्यापासून तिच्या नात्यातलंच काही तयार होतं, स्वादुपिंड किंवा मेंदू नाही.

आणि तुमची बाटली रोज कुणीतरी बघतं. कुजलेली बाजूला काढतात, रोपं ग्रीनहाऊसमध्ये येतात आणि शेतात लावल्यावर वर्षभरात घड दिसतो. इथे तीस वर्षं बाटली उघडायचीच नाही. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

गुरांचा_दवाखाना | मंगळवार, सकाळी ९.३०
नायट्रोजनचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी पशुसंवर्धनात आहे, गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम वीस वर्षं केलं. रेताच्या कांड्या उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतो आम्ही. योग्य राखलं तर वर्षानुवर्षं टिकतात, जुन्या कांडीनं गाय गाभण राहिलेली मी स्वतः पाहिली आहे. तेव्हा गोठवून पेशी टिकतच नाहीत असं कुणी म्हणू नये.

पण राखणदारी काय असते ते सांगतो. त्या कंटेनरला वीज लागत नाही, नायट्रोजन मात्र रोज थोडाथोडा उडतो. आम्ही पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथपर्यंत पांढरं बर्फ धरलं तेवढा नायट्रोजन शिल्लक. बोटभर उरला की गाडी येईपर्यंत जीव टांगणीला. एकदा पावसाळ्यात सातपुड्याकडचा रस्ता चार दिवस बंद पडला, गाडी पोचली नाही आणि कंटेनर कोरडा झाला. कांड्या दिसायला होत्या तशाच. सदतीस अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला, एक पेशी हलत नव्हती. नुसत्या डोळ्यांनी काही कळलं नसतं. तुमच्या मुलीच्या दाताची ती पट्टी तीस वर्षं कोण बुडवणार?

कॅशकाउंटर | मंगळवार, दुपारी १.१०
गुरांच्या डॉक्टरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी बँकेत आहे, म्हणून मला 'बँक' हा शब्दच खटकतो. आमच्या बँकेवर रिझर्व्ह बँक आहे, पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, तरी लोक पासबुक तपासतात. आपल्या जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचे हाल सगळ्यांनी पाहिलेत. माझ्या सख्ख्या मावशीच्या निवृत्तीच्या पैशांची पावती अजून तिच्या ट्रंकेत आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. पावती आहे, पैसे नाहीत.

तापीकाठ भाऊ, सहीआधी करारनामा मागा. मी एका नातेवाइकाचा वाचला होता. मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं: पेशी खराब निघाल्या तर जबाबदारी भरलेल्या फीपुरतीच, आणि कंपनी आपला साठा कुठेही हलवू शकते. कंपनी बंद पडली तर काय, यावर एक ओळ नव्हती.

हिंजवडी_ते_पारोळा | मंगळवार, दुपारी २.००
माझा करारनामा आत्ता उघडून बघितला. हेच आहे.

तरीही मी म्हणेन की परवानगी नाही म्हणजे शास्त्र खोटं असं नाही. नियम नेहमी मागून येतात. आणि स्वतःच्या पेशींनी आजार बरे होतच नाहीत असंही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने सिकलसेलवर जनुक-दुरुस्तीच्या उपचाराला मान्यता दिली, त्यात रुग्णाच्याच मूळपेशी दुरुस्त करून परत देतात.

सातपुड्याची_लेक | मंगळवार, रात्री ८.४५
मी शहाद्याकडची. सिकलसेल हा शब्द आला म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी या विषयात लिहिणारी नाही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, एसएस, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलसेल आलेला. आम्ही दोघंही वाहक, लग्नाआधी तपासलं नव्हतं. थंडी पडली की त्याचे हातपाय ठणकतात. मी रात्री गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून त्याच्या गुडघ्यांना लावते आणि तो मला म्हणतो, "आई, तू झोप, मी मोजतो." एकपासून मोजत जातो, ठणका कमी होईपर्यंत. एकदा अकराशेवर गेला होता.

गेल्या वर्षी एक माणूस घरी आला. माझ्या धाकट्या मुलीचे दात पडायच्या वयाचे. म्हणाला, बहिणीचे दात ठेवा, भावाला उपयोगी पडतील. मी मंगळसूत्राच्या वाट्या मोडायला निघाले होते. तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने अडवलं. ती म्हणाली, "बहिणीचा उपयोग होईल माय, पण दाताचा नाही. तिचं रक्त जुळतं का ते बघा." एचएलए तपासणी म्हणतात तिला. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आमचं जुळलं नाही. पण जुळलं असतं तर मगज आत्ता तिच्या अंगात जिवंत आहे, गोठवायची गरजच नव्हती. मुलगा आता हायड्रॉक्सियुरिया या औषधावर आहे, ठणक्याच्या रात्री पुष्कळ कमी झाल्यात.

दादा, तुम्ही म्हणता त्या उपचाराबद्दल मी डॉक्टरांना विचारलंय. त्यात घेतात त्या रक्ताच्या मूळपेशी, आणि आजार झाल्यावर त्या माणसाच्या अंगातूनच. दात नाही लागत त्याला.

माझा राग एवढाच की तो माणूस आमच्या पाड्यावर आला, कारण इथे घरोघरी हा आजार आहे हे त्याला माहीत होतं.

हिंजवडी_ते_पारोळा | मंगळवार, रात्री ९.२०
ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्या उपचाराचा दाखला मी चुकीच्या जागी दिला. मागे घेतो.

दंतवैद्य_पांझरा | मंगळवार, रात्री ९.५५
ताईंनी सांगितलं ते शब्दन् शब्द बरोबर आहे, आणि त्या सिस्टरला माझा नमस्कार पोचवा.

एक भर घालते. आजार अनुवांशिक असेल तर मुलाच्या स्वतःच्या साठवलेल्या पेशींतही तीच चूक असते, मग त्या नाळेतल्या असोत की दातातल्या. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१८ साली नाळेच्या रक्ताच्या खाजगी साठवणुकीबद्दलसुद्धा पालकांना सावध केलं होतं. त्याला 'जैविक विमा' म्हणून विकणं दिशाभूल आहे असं त्यांचं मत आहे. नाळेच्या रक्ताला परवाना आहे, तरीही.

जुनी_पानं_अमळनेर | बुधवार, सकाळी ७.४०
विषयाला थोडं सोडून, पण दाताचंच. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १९५८ पासून पुढे बारा वर्षं मुलांचे दुधाचे दात गोळा केले, तीन लाखांच्या आसपास. अणुचाचण्यांच्या धुळीतलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य गवतावर पडायचं, गायीच्या दुधातून मुलांच्या दातात उतरायचं. शास्त्रज्ञांनी दात तपासून ते सिद्ध केलं आणि १९६३ च्या अणुचाचणी बंदी कराराच्या वेळी त्या दातांची साक्ष उपयोगी पडली. दात देणाऱ्या प्रत्येक पोराला एक बिल्ला मिळायचा. शाळेच्या वर्गात मी हे दरवर्षी सांगतो, पोरं आपापले दात चाचपायला लागतात.

भरीत_बामणोद | बुधवार, सकाळी ८.०५
सर, असा बिल्ला असता तर मी उंदीरमामाला एकही दिला नसता.

तापीकाठ | बुधवार, दुपारी ३.३०
सगळ्यांचे आभार. शहाद्याच्या ताई, तुमचं मी बायकोला वाचून दाखवलं. पुढचं वाचवेना, मग तिनं फोन घेऊन शेवटपर्यंत वाचलं.

फोनवाल्याला परवान्याचं विचारलं. दहा मिनिटांत पाठवतो म्हणाला, आज दुसरा दिवस. मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांना पत्रकाचं माहीतच नव्हतं, त्यांनी सगळ्या पालकांना चिठ्ठी काढली आहे.

डॉक्टर मॅडम, एक शेवटचं. तो म्हणत होता की दात आपोआप पडायच्या आधी काढून घ्यावा लागेल. असं का? त्यात मुलीला काही धोका होता का?

दंतवैद्य_पांझरा | बुधवार, रात्री १०.१०
खालचा कायमचा दात वर सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं. दात जिभेनं लोळवत लोळवत पडला तर आतला गर बहुतेक सुकलेला असतो. जिवंत पेशी हव्यात तर मूळ थोडं शिल्लक असताना, रक्तपुरवठा चालू असताना काढावा लागतो आणि लगेच विशिष्ट द्रावणात घालून थंड ठेवून एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. किडलेला, पू झालेला दात चालत नाही. आणि एवढं करून हाती किती लागतं? २००३ च्या मूळ अभ्यासात एका दातातून वाढू शकणाऱ्या पेशी मिळाल्या बारा ते वीस. लाखांत करायच्या तर प्रयोगशाळेत वाढवाव्याच लागतात.

पुढचे दात चार-आठ दिवस आधी काढल्यानं फार बिघडत नाही. पण दाढा किंवा सुळे या नादात वेळेआधी काढले तर शेजारचे दात त्या जागेत कलंडतात आणि खालच्या कायमच्या दाताला वर यायला जागा उरत नाही. माझ्याकडे अशी एक मुलगी आली होती, अकरा वर्षांची, सुळा वर टाळूकडे निघालेला. तिच्या तारांचा खर्च साठवणुकीहून जास्त झाला. हलत असेल तर हलू द्या. पडेल.

सातपुड्याची_लेक | बुधवार, रात्री १०.४०
तापीकाठ दादा, तुमच्या भावासाठी काही करावंसं वाटत असेल तर एक सांगू? 'दात्री' म्हणून मूळपेशी दात्यांची नोंदणी आहे, चेन्नईची, २००९ पासूनची. गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतात, पैसे लागत नाहीत. कुणा अनोळखी रुग्णाशी जुळलं तरच बोलावतात. माझ्या मुलाचं तिथे अजून कुणाशी जुळलेलं नाही. यादीत आपल्या भागातले लोक वाढले की जुळण्याची आशा वाढते.

तापीकाठ | शनिवार, सायंकाळी ६.२०
दात काल पडला. शेवभाजी-भाकरी खाताना. आधी तिला वाटलं खडा लागला, मग तळहातावर घेऊन ओरडली. मॅडम, मी भिंग घेऊन आत बघितलं. मूळ जवळजवळ नव्हतंच, आतून पांढरी पोकळ वाटी आणि तळाशी तांबूस-तपकिरी ठिपका, सुकलेला. तुम्ही म्हणालात तसाच.

आज गावी आईकडे आणला. धाबं आता राहिलं नाही, स्लॅब आहे, तरी आईनं शेण आणलं आणि नातीला म्हणायला शिकवलं. नेम चुकून दात पत्र्याच्या गोठ्यावर गेला, टणकन वाजला. आई म्हणाली, तुझ्या दादाचाही तिथंच गेला होता.

शहाद्याच्या ताई, आगारात बोललो. चाळिशीच्या आतले अकरा जण नमुना द्यायला तयार आहेत, माझ्यासकट. काड्या मागवायच्या कशा, आणि ड्रायव्हर लोक लांब ड्यूटीवर असतात तर दोन वेगळ्या दिवशी घेतलं तर चालेल का?

सातपुड्याची_लेक | शनिवार, सायंकाळी ६.५०
विचारते दादा, सोमवारी सांगते. अकरा म्हणालात ना? मुलाला सांगितलं तर म्हणाला, "मी मोजतो."